प्रोग्रॅमची शाकारणी

गोष्ट २०१४ सालची. कोकणात, सावर्ड्याला घरी बसून शिमग्याची पत्रिका संगणकावर तयार करत होतो. पालखी कोणत्या वाडीत कधी येणार, कुठल्या घरी किती वेळ थांबणार, असा दोन पानांचा मजकूर. वरच्या निवेदनात ‘दऱ्याखोऱ्यांतून येणाऱ्या सर्व भाविकांनी’ असे शब्द होते. पानं नेटकी बसली. फाइल मुंबईला पुतण्याकडे पाठवली, कारण छापून आणायचं काम त्याच्याकडे होतं. तासाभरात त्याचा फोन आला, “काका, दोन ओळी तिसऱ्या पानावर गेल्यात. आणि ते दऱ्याखोऱ्या काहीतरीच दिसतंय.”

मजकूर लिहायला दोघांकडे लिबरऑफिस हाच प्रोग्रॅम होता, तोही एकाच आवृत्तीचा. फाइल तीच, मजकूर तोच. माझा संगणक लिनक्सवर चालणारा आणि त्याचा विंडोजवर, एवढाच काय तो फरक. त्या दिवशी पत्रिका पीडीएफ करून पाठवली आणि काम भागलं. प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. एकच प्रोग्रॅम दोन संगणकांवर दोन तऱ्हांनी का वागला? उत्तर शोधत गेलो तेव्हा कळलं की आपण ज्याला ‘एकच प्रोग्रॅम’ म्हणतो तो आतून एकच नसतो. त्याचे काही भाग प्रत्येक प्रकारच्या संगणकासाठी वेगळे लिहिलेले असतात आणि ते भाग कुणीतरी, पुष्कळदा स्वतःच्या फावल्या वेळात, वर्षानुवर्षं सांभाळत असतं.

एक आराखडा, दोन मुलुख

देशावर माळवदाचं घर चालतं. सपाट छप्पर, त्यावर मातीचा थर. तेच घर सावर्ड्यात बांधलं तर पहिल्या पावसाळ्यातच ते खाली बसेल. इथं उतरतं छप्पर लागतं, कौलं लागतात, पावसाचा मारा येतो त्या बाजूला झड बांधावी लागते. आत शिरलं की मात्र दोन्हीकडे माणसं सारखीच राहतात. चूल, देव्हारा, झोपायची जागा, धान्याची जागा. घराचा हेतू एक असतो. बाहेरच्या हवेशी ज्या ज्या ठिकाणी त्याचा संबंध येतो, तिथं ते बदलतं.

प्रोग्रॅमलाही अशी बाहेरची हवा असते. संगणकातली मुख्य चिप, म्हणजे प्रोसेसर, आणि तिच्यावर कारभार करणारी विंडोज, लिनक्स, मॅक किंवा अँड्रॉइड यांसारखी कार्यप्रणाली, या दोहोंच्या जोडीला प्लॅटफॉर्म म्हणतात. बेरीज करणं, शब्द मोजणं, परिच्छेद पुसणं ही कामं प्रोग्रॅम स्वतःच्या घरात करतो, त्यामुळे ती सगळीकडे सारखी लिहिता येतात. फाइल उघडायची, पडद्यावर अक्षर काढायचं, छपाईयंत्राला पान द्यायचं, घड्याळात किती वाजले ते विचारायचं, यांसाठी मात्र त्याला कार्यप्रणालीच्या दारात जावं लागतं, आणि प्रत्येक दाराची रीत निराळी असते.

टायपिंगच्या क्लासला गेलेल्यांना यातली एक रीत लगेच कळेल. टाइपरायटरवर ओळ संपली की आपण डावीकडचा दांडा ढकलायचो. त्यानं दोन गोष्टी व्हायच्या: गाडा मागे सुरुवातीला यायचा आणि कागद एक ओळ वर सरकायचा. विंडोजच्या साध्या मजकुराच्या फाइलींत प्रत्येक ओळीच्या शेवटी अजूनही या दोन क्रियांच्या दोन अदृश्य खुणा असतात. लिनक्सनं आणि आजच्या मॅकनं एकच खूण ठेवली, कागद सरकवण्याची. टाइपरायटर गेले तरी हा फरक राहिला आहे, आणि मजकूर वाचणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला त्याची दखल घ्यावी लागते.

दुसरा फरक प्रोसेसरमधला आहे आणि तो समजायला मराठी माणसाइतकं सोयीचं कुणी नाही. आपण २५ लिहिताना आधी दशकाचा २ लिहितो आणि मग एककाचा ५. बोलताना मात्र ‘पंचवीस’ म्हणतो, म्हणजे आधी पाच आणि मग वीस. आकडा तोच, क्रम उलटा. प्रोसेसरांतही हे दोन पंथ आहेत. मोठा आकडा स्मृतीत ठेवताना इंटेलच्या चिपा आणि आपल्या फोनमधल्या चिपा लहान भाग आधी ठेवतात. आयबीएमची बँकांत वापरली जाणारी मोठी यंत्रं मोठा भाग आधी ठेवतात. एका पंथाच्या यंत्रानं लिहिलेली फाइल दुसऱ्या पंथाच्या यंत्रानं विचार न करता वाचली, तर पंचवीसचे बावन्न होतात.

असे फरक आले की प्रोग्रॅम लिहिणारे मजकुरात फाटे ठेवतात: हे विंडोजसाठी असेल तर असं कर, मॅकसाठी असेल तर तसं, नाहीतर तिसरं काहीतरी. सी भाषेत असा फाटा ‘इफडेफ’ या शब्दानं सुरू होतो. माणसानं लिहिलेल्या मजकुराचं यंत्राला चालवता येईल असं रूप करणाऱ्या प्रोग्रॅमला कंपायलर म्हणतात. लिनक्ससाठी काम करताना हा कंपायलर विंडोजचा फाटा वाचतही नाही, सरळ ओलांडून जातो. त्या फाट्यात कुणी स्वल्पविराम चुकवला असेल, तरी लिनक्सवर बसलेल्या माणसाला त्याचा पत्ता लागत नाही. पुढच्या बहुतेक अडचणींचं मूळ इथं आहे.

‘ऱ्या’ कुठे अडखळला

आता पत्रिकेकडे येऊ. संगणकात ‘दऱ्या’ हा शब्द चित्राच्या रूपात साठवलेला नसतो. तिथं सुट्या वर्णांची रांग असते: द, मग ऱ, मग पाय मोडल्याची खूण, मग य, मग काना. या रांगेतून डोळ्यांना दिसणारं अक्षर घडवणं हे वेगळं काम आहे. कुठला वर्ण अर्धा होणार, वेलांटी कुणाच्या आधी जाणार, रफार कुणाच्या डोक्यावर बसणार हे ठरवणाऱ्या भागाला आपण अक्षर-जुळणीचं इंजिन म्हणू. रोमन लिपीला याची फारशी गरज पडत नाही. देवनागरीचं त्याशिवाय पानही हलत नाही.

त्यातही मराठीची स्वतःची एक खोड आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्यात गुरू आहेत आणि दुसऱ्यात स्वयंपाकी. पहिल्यात र डोक्यावर रफार होऊन बसतो आणि दुसऱ्यात तो आडव्या वळणाचा होऊन य ला बिलगतो. हिंदीला हा दुसरा र लागत नाही. म्हणून हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या व्यवस्थेत तो सहज निसटू शकतो. युनिकोड या जागतिक वर्णसंकेतात तो लिहिण्याच्या दोन वाटा आहेत. नुक्त्याचा ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा, ही एक. साधा र घेऊन, पाय मोडून, पुढे न दिसणारी एक जोडखूण ठेवायची, ही दुसरी. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून ‘जे’ ची कळ दाबली की पहिल्या वाटेचा ऱ मिळतो. दोन्ही वाटांनी डोळ्यांना दिसणारं अक्षर एकच असलं, तरी आतली रांग वेगळी असते. म्हणून एका वाटेनं लिहिलेला शब्द दुसऱ्या वाटेनं शोधायला गेलं तर कधी कधी सापडत नाही.

त्या काळात लिबरऑफिस अक्षर-जुळणीचं काम प्रत्येक प्लॅटफॉर्मवर वेगळ्या इंजिनावर सोपवत असे. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं युनिस्क्राइब, मॅकवर ॲपलचं कोअर टेक्स्ट, लिनक्सवर हार्फबझ. एका पत्रिकेसाठी तीन कारागीर, आणि तिघांच्या सवयी निराळ्या. त्यात फाँटांची भर. माझ्या संगणकावर लोहित होता. रेड हॅट कंपनीनं २००४ साली मुक्त परवान्याखाली खुला केलेला हा फाँट मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं, म्हणजे श्रीलिपीवाल्यांनी, पुरवलेला. पुतण्याच्या विंडोजवर तो नव्हता. तिथं त्याच्या जागी मंगल आला असणार. तो र. कृ. जोशी यांनी घडवलेला. दोघांच्या अक्षरांची रुंदी वेगळी, म्हणून ओळी सरकल्या आणि पान वाढलं. सावर्ड्याच्या सह्याद्री स्कूल ऑफ आर्टमध्ये अक्षरांवर हात बसवणाऱ्या मुलांना हे सांगावं लागणार नाही. दोन हातांचं ‘ऱ्या’ सारखं येत नाही हे त्यांना ठाऊक असतं.

लिबरऑफिसच्या मंडळींनी यावर काढलेला मार्ग मला फार महत्त्वाचा वाटतो. तिन्ही कारागिरांच्या वेगळ्या फाट्यांची डागडुजी करत बसण्याऐवजी त्यांनी सगळ्या प्लॅटफॉर्मांवर एकच कारागीर आणला. फेब्रुवारी २०१७ मध्ये आलेल्या ५.३ आवृत्तीपासून लिबरऑफिस सगळीकडे हार्फबझच वापरतं. या कामात पुढे होते खालेद होस्नी. अमीरी हा सुंदर अरबी फाँट त्यांचाच. हार्फबझचे जनक बेहदाद एस्फहबोद मूळचे इराणी. हार्फबझ हा फारसी शब्द, त्यातला ‘हर्फ’ म्हणजे आपला ‘हरफ’च, आणि ‘बाज’ म्हणजे खुला: खुलं अक्षर. भारतीय लिप्यांसाठी हे इंजिन घडवताना त्यांनी लाखो शब्दांच्या याद्या घेतल्या आणि आपलं उत्तर विंडोजच्या इंजिनाच्या उत्तराशी ताडून पाहिलं. अरबी लिपी जाणणारा एक आणि फारसी जाणणारा दुसरा, या दोघांच्या कामातून माझ्या शिमग्याच्या पत्रिकेतला ‘ऱ्या’ सरळ झाला. मला याचं अजून अप्रूप वाटतं.

म्हणजे प्लॅटफॉर्मचा फाटा सांभाळण्याचा सर्वांत चांगला उपाय, शक्य असेल तिथं तो काढून टाकणं हाच आहे. पण सगळे फाटे काढता येत नाहीत. खिडकी उघडणं, छपाई, अंध वापरकर्त्याला मजकूर वाचून दाखवणाऱ्या सोयीशी जोडून घेणं, ही कामं शेवटी ज्या त्या कार्यप्रणालीच्या दारातच करावी लागतात.

बंद घर का पडतं

कोकणात प्रत्येक वाडीत एखादं तरी बंद घर असतं. घरची माणसं मुंबईला असतात आणि गणपती-शिमग्याला येतात. काही घरांत तीही येईनाशी होतात. त्या घराला कुणी हात लावलेला नसतो, तरी ते पडतं. वानरं कौलं सरकवतात, एका फटीतून पाणी येतं, वासा कुजतो, भिंतीचा चिरा सुटतो. राहतं घर टिकतं, कारण राहणाऱ्याच्या अंगावर पहिला थेंब पडतो आणि पावसाळ्यापूर्वी तो शाकारणी करून घेतो.

प्रोग्रॅमच्या मजकुराचंही असंच होतं. दहा वर्षांपूर्वी लिहिलेल्या ओळी गंजत नाहीत. बदलतं ते सभोवतालचं जग. विंडोजची नवी आवृत्ती येते आणि जुनी एखादी सोय काढून टाकते. ॲपल चिपांचं घराणंच बदलतं. कंपायलर अधिक काटेकोर होतो आणि पूर्वी चालवून घेतलेली चूक आता अडवतो. त्याच वेळी प्रोग्रॅमच्या मधल्या, सर्वांच्या सामाईक भागात रोज बदल होत असतात. ते करणारा माणूस लिनक्सवर बसलेला असतो. त्यानं एखाद्या कामाचं नाव बदललं, चार ठिकाणी नवं नाव घातलं, आणि पाचवं ठिकाण कंपायलरनं ओलांडलेल्या फाट्यात राहून गेलं. त्याच्याकडे सगळं व्यवस्थित चालतं. थेंब दुसऱ्याच्या घरात पडतो, आणि त्या घरात कुणी राहत नसेल तर तो कुणाच्याच अंगावर पडत नाही.

यावर उपाय म्हणून प्रत्येक बदलानंतर आपोआप चाचणी घेणारी यंत्रं ठेवतात. कुणी दोन ओळी बदलल्या की वेगवेगळ्या संगणकांवर सगळा प्रोग्रॅम नव्यानं बांधला जातो, हजारो बारीक चाचण्या चालतात आणि काही मोडलं तर निरोप जातो. विंडोज, मॅक आणि लिनक्सची अशी यंत्रं मुक्त प्रकल्पांना फुकट मिळू शकतात. विरळ किंवा जुनं यंत्र मात्र कुणालातरी स्वतःच ठेवावं लागतं. पायथॉन ही भाषा सांभाळणाऱ्या प्रकल्पात अशी यंत्रं जगभरातल्या स्वयंसेवकांनी पुरवलेली आहेत. माणूस आपल्याकडचा संगणक चालू ठेवून प्रकल्पाला जोडून देतो, एवढंच. काम साधं दिसतं. पण वीज, इंटरनेट, बिघडलेली डिस्क, वर्षानुवर्षांची चिकाटी, हे सगळं त्यात आलं. श्रावणातल्या पावसात वीज किती वेळा जाते हे मोजणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचं मोल कळेल.

राखणदार मोजायचे

मुक्त स्रोत, म्हणजे ज्याचा मूळ मजकूर कुणीही वाचू, बदलू आणि वाटू शकतो असा प्रोग्रॅम. ‘मुक्त’ म्हटलं की तो आपोआप चालत राहतो असं वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक भागाला एक राखणदार लागतो. इंग्रजीत त्याला मेंटेनर म्हणतात. काही राखणदारांना कंपन्या पगार देतात. पण बहुतेक कंपन्यांचा रस आजच्या खपत्या यंत्रांत असतो. कडेचे फाटे बहुधा स्वयंसेवकांकडेच राहतात.

लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, मजकुरात एक मोठी फाइल असते. कुठल्या भागाचा राखणदार कोण आणि त्या भागाची अवस्था काय, याची ती नोंदवही. एक शेरा असतो ‘पगारी माणूस पाहतो’ अशा अर्थाचा, दुसरा ‘कुणीतरी पाहतं’, तिसरा ‘जमेल तशी डागडुजी’, आणि चौथा शेरा ‘अनाथ’. इतक्या स्वच्छपणे अनाथ म्हणून नोंद करणं मला प्रामाणिकपणाचं वाटतं. वापरणाऱ्याला आपण कुठे उभे आहोत ते कळतं.

पायथॉनवाल्यांनी तर नियमच लिहून ठेवला आहे. त्यांच्याकडे प्लॅटफॉर्मांच्या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवरच्या यंत्रावर काही मोडलं तर नवी आवृत्ती अडवली जाते आणि सगळ्यांनी मिळून ते दुरुस्त करायचं असतं. दुसऱ्या पायरीवर बसायचं तर प्रकल्पातल्या किमान दोन मुख्य जाणकारांनी त्या प्लॅटफॉर्मची जबाबदारी घ्यावी लागते. तिसरीसाठी किमान एकानं. नियमात यंत्राची लोकप्रियता, वय किंवा किंमत मोजलेली नाही, माणसं मोजली आहेत. मला हा सगळ्या विषयाचा गाभा वाटतो.

हे खरं आहे का ते पाहायला दोन चिपांची कहाणी पुरेशी आहे. मोटोरोलाची ६८००० ही चिप १९७९ मध्ये आली. तिच्या घराण्यातल्या चिपांवर जुने अमिगा, अटारी आणि पहिले मॅकिंटॉश चालायचे. दुसरी चिप इटॅनियम. इंटेल आणि एचपी या बड्या कंपन्यांनी अफाट पैसा ओतून ती २००१ मध्ये बाजारात आणली आणि २०२१ पर्यंत विकली. लिनक्सच्या गाभ्यातून इटॅनियमचा फाटा २०२३ च्या अखेरीस काढून टाकला गेला, कारण तो नीट सांभाळायला कुणी उरलं नव्हतं. ६८००० घराण्याचा फाटा मात्र अजून आहे. त्या चिपांना फारसा बाजार उरलेला नाही. पण त्या यंत्रांवर जीव असलेली मोजकी माणसं आहेत, ती दर आवृत्तीला तो फाटा चालवून पाहतात आणि मोडलं तर जोडतात. कंपनी गेली की तिचं घर बंद पडतं. राहणारा असला तर कौलारू घरही पन्नास पावसाळे काढतं.

उपयोगी पडेल अशी तक्रार

(चौकट)
- प्रोग्रॅमची नेमकी आवृत्ती, कार्यप्रणाली आणि ती ३२ की ६४ बिटांची, हे आधी लिहावं.
- काय केल्यावर बिघाड दिसतो ते क्रमानं सांगावं. ‘नीट चालत नाही’ एवढ्यानं काही कळत नाही.
- काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं, दोन्ही लिहावं. मराठी अक्षराचा प्रश्न असेल तर पडद्याचं चित्र जोडावं आणि फाँटचं नाव द्यावं. राखणदाराला मराठी वाचता येईलच असं नाही.
- दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर तीच फाइल उघडून पाहिली असेल तर तेही नोंदवावं. चूक मधल्या भागात आहे की फाट्यात, हे त्यावरून एका क्षणात कळतं.

सांभाळायला कुणी नसेल तेव्हा

मग जुना फाटा आहे तसा पडून राहू द्यायला काय हरकत आहे? कुणाला तरी उपयोग होईल, असं आपल्याला वाटतं. माळ्यावर जुन्या वस्तू ठेवताना आपण हेच म्हणतो. पण प्रोग्रॅममधली अडगळ निरुपद्रवी नसते.

७ एप्रिल २०१४ रोजी हार्टब्लीड नावाची खोट जाहीर झाली. इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्त प्रोग्रॅममध्ये ती होती. जगातल्या असंख्य बँका, दुकानं आणि ईमेल-सेवा त्यावर विसंबून होत्या, आणि प्रकल्पाला मिळणाऱ्या देणग्या वर्षाला दोनेक हजार डॉलर होत्या. या प्रोग्रॅमनं कितीतरी जुने प्लॅटफॉर्म अंगावर वागवले होते. काही प्लॅटफॉर्मांवर कार्यप्रणालीकडून स्मृतीची जागा मागून घेणं फार संथ होतं, म्हणून त्यानं स्वतःचं छोटं कोठार बांधलं होतं: वापरून झालेली जागा परत करायची नाही, आपल्याच कोठारात ठेवायची. त्या संथ यंत्रांची सोय झाली खरी. पण ज्या कार्यप्रणालींत चुकीच्या जागी हात घालणाऱ्या प्रोग्रॅमला पकडणारा पहारा होता, तिथंही हे कोठार पहाऱ्याच्या आड आलं. ओपनबीएसडी या मुक्त कार्यप्रणालीच्या प्रकल्पाचे प्रमुख थिओ द राट यांनी तेव्हा यावरच कडक बोट ठेवलं. कधीकाळी कुठल्याशा यंत्रासाठी केलेली सोय सगळ्यांच्या सुरक्षेला भोवली.

ओपनबीएसडीच्या मंडळींनी लगेच त्या मजकुराची स्वतःची प्रत काढली, तिला लिबरएसएसएल नाव दिलं आणि झाडलोट सुरू केली. पहिल्या आठवड्यातच ९०,००० हून अधिक ओळी बाहेर गेल्या. त्यांत व्हीएमएस, जुनं १६ बिटांचं विंडोज आणि जुन्या मॅकसाठीचे फाटे होते. तपासणार कोण होतं ते?

लिनक्सनंही असे निर्णय घेतले आहेत आणि ते सोपे नव्हते. लिनस टोर्वाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स लिहायला घेतलं ते इंटेलच्या ३८६ चिपेवर. त्या वेळी त्यांनीच सांगितलं होतं की हे दुसऱ्या यंत्रावर नेता येण्यासारखं नाही. पुढे ते शेकडो प्रकारच्या यंत्रांवर गेलं, आणि डिसेंबर २०१२ मध्ये ज्या ३८६ वर ते जन्मलं तिचाच फाटा काढून टाकण्यात आला. २०१८ मध्ये ४.१७ या आवृत्तीत एकदम आठ प्रोसेसर घराणी गेली, जवळपास पाच लाख ओळी. हटवलेला मजकूर नष्ट होत नाही. जुन्या आवृत्त्या जपलेल्या असतात आणि उद्या कुणी राखणदार म्हणून उभा राहिला तर तो फाटा परत आणता येतो. रिकामं घर पाडण्यापेक्षा हे बरं.

निर्णयाची झळ मात्र खऱ्या माणसांना लागते. डेबियन हा पूर्णपणे स्वयंसेवकांनी चालवलेला, लिनक्सच्या सर्वांत जुन्या वितरणांपैकी एक. ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलेल्या त्याच्या तेराव्या आवृत्तीत साध्या ३२ बिटांच्या पीसीसाठी गाभा आणि स्थापनेची सोय राहिलेली नाही. त्याच आवृत्तीत चिनी आणि इतर नव्या यंत्रांत येऊ लागलेल्या रिस्क-फाइव्ह या खुल्या रचनेच्या चिपेला पहिल्यांदा अधिकृत जागा मिळाली. ३२ बिटांच्या घड्याळाचा एक जुना प्रश्न आहे: १९ जानेवारी २०३८ रोजी त्याचे सेकंद मोजायचे आकडे संपतात. डेबियननं बाकीच्या सगळ्या फाट्यांत मोठं घड्याळ बसवलं, ३२ बिटांच्या पीसीचा फाटा तेवढा जुन्या घड्याळावर ठेवला. लिबरऑफिसनंही ऑगस्ट २०२५ च्या २५.८ आवृत्तीपासून विंडोज ७ आणि ८ सोडून दिलं. मायक्रोसॉफ्टनं स्वतः विंडोज ७ ला जानेवारी २०२० मध्येच निरोप दिला होता. मालकानं सोडलेल्या घराची शाकारणी लिबरऑफिसच्या मंडळींनी आणखी पाच वर्षं केली, हे आपण लक्षात ठेवायला हवं.

सावर्ड्यातला संगणक

अशा प्रकल्पांना मदत करायची तर प्रोग्रॅम लिहिता यायला हवा, असा समज आहे. फाट्यांच्या बाबतीत तो खरा नाही. बर्लिनमध्ये किंवा कॅलिफोर्नियात बसलेल्या हुशार माणसाकडे ज्ञान असतं. मराठी कळफलक लावलेला, आठ वर्षांचा, कमी स्मृतीचा, शाळेच्या प्रयोगशाळेत चाळीस मुलांनी वापरलेला संगणक त्याच्याकडे नसतो. तो आपल्याकडे आहे. त्याच्यावर काय मोडतं ते फक्त आपल्याला दिसतं.

चिपळूण-संगमेश्वर पट्ट्यातल्या किती शाळांत आणि छपाईच्या दुकानांत असे संगणक आहेत, ते पाहायला लांब जायला नको. लिबरऑफिसची नवी आवृत्ती पक्की होण्यापूर्वी तिची चाचणी-आवृत्ती सगळ्यांसाठी खुली असते. जुना मजकूर, जुनी पत्रिका, दाखल्याचा नमुना तिच्यात उघडून पाहायला एक दुपार पुरते. ‘आचाऱ्यांना’, ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘ॲसिड’, ‘ऑफिस’ असे दहा-वीस शब्द टाइप करून, छापून आणि पुन्हा उघडून पाहायचे. अकरावी-बारावीची मुलं हे काम मोठ्यांपेक्षा चोख करतील. एखादं चुकलेलं अक्षर त्यांनी नीट नोंदवलं आणि ते दुरुस्त होऊन आलं, तर तो बदल मराठी लिहिणाऱ्या सगळ्यांकडे जातो.

पुढच्या शिमग्याची पत्रिका करताना ‘ऱ्या’ मोडलेला दिसला, तर पीडीएफ करून मोकळे होऊ नका. मी २०१४ मध्ये तेच केलं आणि कुणालाही कळवलं नाही. तुम्ही कळवा.